लाल ठिपक्याचा रिले

मंगळवार, १३ जानेवारी

केलं. करून बसले!

हॅल्वर दुपारचा आडवा झाला होता. शेडमध्ये गेले, पिकअपचं बॉनेट उघडलं आणि फ्यूजच्या डब्यातून टाकीतल्या पंपाला वीज सोडणारा रिले उपटून काढला. काडेपेटीपेक्षा लहान काळा ठोकळा. त्याच्या जागी मेलेला एक बसवला. मेलेले रिले आमच्याकडे मुबलक आहेत. माझा हा नवरा जळका बल्बसुद्धा टाकत नाही, कॉफीच्या जुन्या डब्यात साठवतो. ‘लागतो कधीतरी.’ लागला!

दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून मेलेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. चांगला रिले माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली आहे.

आता इंजिन गुरगुरेल, पण पेट्रोल पोचणार नाही, गाडी सुरू व्हायची नाही. हे मला शिकवलं कोणी? त्यानंच. लग्न झाल्यापासून त्याच्यासाठी टॉर्च धरून उभी आहे मी. ‘अगं बाई, माझ्या तोंडावर नको, इंजिनावर धर!’

बुधवार, १४ जानेवारी

का केलं ते लिहून ठेवते. नाहीतर चार दिवसांनी मलाच मी डाकीण वाटायला लागेन.

शनिवारी शेजारच्या ओरेस्टला हॅल्वर रेल्वेच्या रुळांवर दिसला. पिकअप चालू, दिवे लागलेले, आणि हा आत शांत बसलेला. लांबवर गव्हाची मालगाडी दिसायला लागली होती. ओरेस्टनं काचेवर बुक्क्या मारल्या, दार उघडून याला बाजूला सरकवलं आणि स्वतः गाडी रुळांवरून काढली. ‘बर्निस, तो माझ्याकडे बघून हसला गं,’ ओरेस्ट मला म्हणाला. ‘विचारतो कसा – रस्ता चुकलास का?’

घरी येऊन हॅल्वर एवढंच म्हणाला, रस्त्यावर बर्फ फार आहे.

सोल्व्हाय रेजायनाहून फोनवर म्हणते, ‘आई, सरळ सांग ना बाबांना. किल्ली काढून घे.’ शहरात राहून पोरगी विसरली. इथे किल्ली गाडीतच लटकते, सगळ्यांच्याच. कोणाची गाडी बर्फात अडकली, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर दिसेल ती गाडी घ्यावी. गाडीतली किल्ली काढणं म्हणजे माणसाला चोर म्हणणं. त्यातून या माणसाची! अर्ध्या तालुक्याच्या गाड्या यानं दुरुस्त करून दिल्यात. त्याला ‘तू आता चालवू नकोस’ म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून हात चालवला.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज कोऑपच्या दुकानात कॉफीला जायचा दिवस. तो निघतो तेव्हा फाटकाशी दोन हॉर्न वाजवतो – एक मला, एक कुत्र्याला. आज वाजले नाहीत.

मी रुमालानं हात पुसत शेडमध्ये गेले, अगदी साळसूदपणे. त्यानं किल्ली फिरवली, कान दिला आणि लगेच म्हणाला, ‘पंपाचा आवाज नाही.’ पण मग तो बॅटरीची टोकं घासत बसला. नंतर अर्थिंगची तार. शीळ घालत होता. इतका खुशीत त्याला दिवाळं निघालेल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या लिलावानंतर पाहिलं नव्हतं.

खरं तर रिले आधी बघायला हवा होता. हॉर्नचा रिले शेजारीच असतो, हुबेहूब तसाच. दोघांची अदलाबदल केली की दोन मिनिटांत दोष कळतो. इथल्या निम्म्या पोरांना त्यानंच शिकवलंय हे. आज त्याला सुचलं नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या वाटण्याची लाज वाटली.

शनिवार, १७ जानेवारी

उणे एकतीस. दिवसभर शेडमध्ये. नाकाचा शेंडा पांढरा पडला, बोटांची सालं निघालीत. सूप घेऊन गेले. म्हणाला, ‘आलीसच आहेस तर टॉर्च धर.’ धरली. धरली मी! कसली बाई आहे मी?

सोमवार, १९ जानेवारी

ओरेस्ट मीटर घेऊन आला. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

‘ठेव ते खेळणं,’ हॅल्वर म्हणाला. ‘तुझ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर सुतळीवर लटकतोय, आणि तू मला शिकवणार?’

‘सुतळी नाही, तार आहे! बरं, रिले बघितलास का?’

‘बघितला.’

मी जमिनीकडे बघत होते. बघितला असता तर सापडला नसता का? आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस, अब्रू राखायला ओरेस्टशी खोटं बोलला. माझ्यामुळे.

ओरेस्ट जाताना मला हळूच म्हणाला, ‘बरंच झालं बंद पडली ते.’ त्याला मिठी मारावी की मुस्कटात द्यावी, कळेना.

मंगळवार, २० जानेवारी

गाडीखाली पुठ्ठा टाकून पडला होता, फक्त बूट बाहेर. पाना वाजत नव्हता, काही नाही. ‘काय दिसतंय?’ विचारलं. ‘विचार करतोय,’ म्हणाला. मी पलीकडे बादलीवर बसून राहिले.

गुरुवार, २२ जानेवारी

जेवताना काटा खाली ठेवला. ताटात बटाट्याच्या पेरोगी-करंज्या तशाच. म्हणाला, ‘बर्नी, डोकं गेलं गं माझं.’

मी म्हटलं, ‘काहीतरीच! थंडी किती आहे. थंडीत कोणालाही सुचत नाही.’

‘नाही. गेलं.’ आणि पुन्हा खायला लागला.

मी माझं ताट उचललं. त्याची गाडी काढून घ्यायला गेले होते, आणि त्याचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला मी. जे थोडंफार बिघडलंय ते या विसरण्याच्या आजारानं. बाकीचं माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मालगाडीखाली मेला असता तर निदान स्वतःला हॅल्वर समजत मेला असता – नको, हे काय लिहिते आहे मी!

ठरलं. चांगला रिले परत बसवायचा. गाडी सुरू झालेली त्याला ऐकू द्यायची. आणि मग समोर बसून तोंडानं सांगायचं – तू चालवायची नाहीस. शिव्या देईल, देऊ दे. माझ्याशी महिनाभर बोलणार नाही, नाही तर नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज शेडमधून हललाच नाही. उद्या.

शनिवार, २४ जानेवारी

तो दाढी करत होता तेव्हा गेले. पंपाच्या जागचा रिले उपटून उलटा केला – ठिपका नाही! ठिपक्याचा हॉर्नच्या जागी. हॉर्न दाबून पाहिला. मुका. म्हणजे अदलाबदल कधीच झाली होती. मग गाडी का सुरू होत नव्हती? पाहिलं तर पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी.

घरात येऊन ठिपक्याचा रिले त्याच्या अंड्याच्या ताटलीशेजारी ठेवला. त्यानं पाहिला. शर्टाच्या खिशातून पिवळा फ्यूज काढला आणि त्याला लागून ठेवला.

‘पहिल्याच दिवशी सापडला,’ म्हणाला. ‘नेलपॉलिश पाहिलं. म्हटलं, गाडी बिघडलेलीच बरी.’

मी कॉफी ओतली. त्यानं माझ्या हातातली किटली धरली.

‘त्या रुळांवर मला कळेना गं, घर कुठल्या बाजूला आहे.’