मातीमागचं दार

जयपूर

प्रिय आसू,

प्रकाश म्हणतो, "अगं, बस की जरा एका जागी." बसवत नाही. सकाळपासून मानसरोवरच्या या फ्लॅटमध्ये नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

काम चालू आहे. सीतापुऱ्यापलीकडच्या रेताड माळावर मी अजून जरबिलांची, म्हणजे झुपकेदार शेपटीच्या त्या वाळवंटी उंदरांची, बिळं अभ्यासतेय. किती खोल जायचं ते ऊन ठरवतं, पण दारं किती ठेवायची ते शत्रू ठरवतात. जिथे कुत्री-कोल्हे फिरकत नाहीत तिथे एखाददुसरं दार. जिथे त्यांचा रोजचा वावर, तिथे जमिनीची नुसती चाळण.

मंगळवारी एक खोकड, छोटासा कोल्हाच तो, एका मादीचं बीळ उकरायला लागला. आम्ही मध्ये पडायचं नाही असा नियम. मी लांबून दुर्बीण धरून बसलेली. माती उडत होती, आतून काहीच हालचाल नाही. वाटलं, संपली बिचारी. तेवढ्यात चार हातांवरची साधी सपाट जमीन आतून फुटली नि ती बाहेर पडून झुडपात पळाली. त्या दारावर तिनं मातीचा पातळ थर राखला होता. बाहेरून कुणाला पत्ताच नाही.

मला तूच आठवलीस. दिवाळीत याच माळावर आली होतीस, भर उन्हात लांब बाह्यांचा कुर्ता घालून. सासरहून अभिनवचे सारखे व्हिडिओ कॉल, "कुठे आहेस, दाखव." तू हसत दाखवत होतीस. निघताना मी तुला जवळ घेतलं, पाठीला हात लागला आणि तू कळवळलीस. म्हणालीस, "काही नाही गं ताई, लचक भरलीय." तेव्हापासून फोनवर स्पीकर लावून बोलतेस. परवा "मजेत आहे" म्हणालीस, आणि मागून त्याचा आवाज आला, "बास, ठेव आता."

तुझा फोन तो वाचतो, म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर. तुमच्या मुख्याध्यापिका शालिनीबाईंशी बोललेय. त्या तुझ्याच हातात देतील. पुढच्या शनिवारी मी आणि प्रकाश मिरजेला येतोय. शाळा सुटताना फाटकाशी रिक्षा घेऊन उभे असू. कपडे, दागिने, काही आणू नकोस. वर्गातून तशीच ये. पाऊल उचलवलं नाही, तर शालिनीबाईंकडे तेवढं सांग. मी रागावणार नाही. मिरजेतच खोली घेऊन राहीन, आणि सोमवारी पुन्हा फाटकाशी येईन.

तुझीच,
मैथिलीताई