प्लेट पुसून होईपर्यंत

सान पेद्रो,
४ मे १९७९

चि. अनिबाल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बोटांइतकंच वाकडं. बावीस वर्षं बेसबॉलमध्ये बॅटरमागे बसून, कॅचर म्हणून चेंडू झेलल्याची ती कमाई! आईला जाऊन रविवारी वर्ष झालं. चर्चमध्ये प्रार्थना केली, तिला आवडायचा म्हणून शेजारी गोड राजमा वाटला.

आता मुद्द्याचं. एलिसेओची आठवड्याच्या अंतरानं दोन पत्रं आली. दोन्हींत अगदी शब्दशः तोच मजकूर: नवे बूट घेतले, धड भात मिळत नाही, मामा फार ओरडतो. शेजारीण म्हणाली, आळशी पोरगा, नक्कल करून पाठवतो. माझा मुलगा आळशी नाही. त्याच्या तोंडावर चेंडू बसला का? तू त्याचा कोच आहेस. खरं ते कळव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
ओफेलिया


फ्लोरिडा,
१९ मे

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

काळजी करू नकोस. बॅटला निसटता लागून चेंडू कॅचरच्या तोंडावरच्या जाळीवर आदळतो, हे रोजचंच. डोकं गरगरलं की मागचा पंच पुढे येतो आणि स्वच्छ असलेली होम प्लेट, ती बॅटरपुढची जमिनीतली पांढरी पाटी, ब्रशनं पुसत बसतो. कॅचरला सावरायला वेळ मिळावा म्हणून. प्लेट पुसून होईपर्यंत उभं राहायचं, हे मीच एलिसेओला शिकवलंय. मी शेकडो वेळा उभा राहिलो. काय झालं मला?

त्याला ऑगस्टमध्ये वरच्या संघात घेणार आहेत. डॉक्टरला कळलं तर घरी पाठवतील. तेव्हा बाई, तू गप्प राहा.

आईचे गुडघे कसे आहेत? म्हणावं, डिसेंबरात येताना मलम आणतो.

तुझा हट्टी भाऊ,
अनिबाल


सान पेद्रो,
२ जून

अनिबाल, आशीर्वाद आहेतच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आईची शवपेटी पुढून उजवीकडे तू धरली होतीस. कुणाला खांदा बदलू दिला नाहीस.

काय झालं मला, असं विचारतोस. हे झालं. तू घरी ये, मी तुला सांभाळीन, रोज सांगत जाईन. पण एलिसेओ बावीस वर्षांचा आहे. त्याला बाहेर काढ. हे पत्र खिशात ठेव. विसरलास की वाच.

ओफेलिया


फ्लोरिडा,
१८ जून

ती. ताईस सा. न.

पत्र खिशातच होतं. शनिवारी पाचव्या डावात चेंडू पुन्हा एलिसेओच्या जाळीवर बसला. तो गुडघ्यावर तसाच राहिला. पंच प्लेट पुसायला वाकला. अशा वेळी कोचनं बाकावरून हलायचं नसतं. मी गेलो. एलिसेओ म्हणाला, मामा, मी ठीक आहे, लाज काढू नकोस, जा परत. मी विचारलं, आजी कुठे आहे? घरी, म्हणाला. स्वयंपाकघरात.

पंच पुसतच राहिला. मी एलिसेओचा हात धरून त्याला बाहेर आणलं.

डॉक्टरला आम्हा दोघांचंही सांगितलं. संघानं दोघांनाही काढून टाकलंय. एलिसेओनं मला शिव्या दिल्या, रडला. आता बोलत नाही. ५ जुलैच्या विमानानं येतोय. न्यायला ये. आणि आईचं दोघांना एकदमच सांग.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अनिबाल