म्हशीची जीभ

अव्वा, सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. साठीला टेकल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मला ऑटिझम आहे, जन्मापासूनच. म्हणून कुणाचा हात, शेजारच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट, नव्या परकराची खळ, काहीच सोसत नव्हतं. ते ऐकलं आणि मला एकदम आपली म्हैस आठवली. हल्ली मी जखमी जनावरं सांभाळायला जाते. तिथले लोक म्हणतात, बाईंना जनावरांचं मन कळतं. मला त्याचा रागच येतो. कुठलं कळतंय!

चौऱ्याहत्तर साल असेल, मी नऊ वर्षांची. म्हशीचं रेडकू आठवड्यातच मेलं. तू त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतलास आणि वर मिठाचं पाणी शिंपडायला लागलीस. म्हैस ते चाटते, पान्हा सोडते, तू धार काढतेस, गल्लीत रतीब जातो. म्हशी पाळणाऱ्यांची रीतच ती. पण मला ते खोटं बघवत नव्हतं. तिला फसवतायत, एवढंच डोक्यात घोंघावत होतं. एका दुपारी तुझा डोळा लागलेला बघून मी ते ओढत नेलं आणि उकिरड्यात पुरलं. कुत्र्यांनी उकरून त्याच्या चिंध्या केल्या. संध्याकाळी म्हैस रेकायला लागली ती थांबेचना. मान वळवून वळवून रिकामी जागा हुंगायची. आचळांना हात लावू देईना, कास दगडासारखी झाली. तू कपाळावर हात मारलास. "काय करून बसलीस गं? तिला ठाव न्हवतं व्हय, ते मेलंय म्हणून? चाटून जीव हलका हुतो की तिचा!"

दुसऱ्या दिवशी तू मला तिच्यापुढे उभं केलंस. माझ्या हातावर मिठाचं पाणी वरूनच ओतलंस. चोळू मी दिलं नसतं. ती चाटत राहिली, आणि हळूहळू चरवीत धार वाजायला लागली. तू खालून बघत होतीस. "माझा हात लागला की अंग चोरतीस, अन् म्हशीची जीब चालती व्हय गं तुला?" आणि हसलीस. म्हैस आटेपर्यंत मी रोज दोन वेळा उभी राहिले. पुढे तू हे शेजारणींना सांगितलंस, पावण्यांना सांगितलंस, शेवटच्या आजारात नर्सलासुद्धा सांगितलंस, "आमच्या पोरीला म्हैस चालती, आई न्हाई चालत." दर वेळी हसून. मीही ते हसण्यावारी नेलं. तुला ते लागलं होतं, हे आत्ता आत्ता कळलं, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

म्हशीची जीभही चालत नव्हती गं, अव्वा. कातडं सोलल्यासारखं व्हायचं. दात आवळून, मनात पाढे म्हणत उभी असायचे. बोलले असते तर तू मला बाजूला घेतलं असतंस आणि ती पुन्हा रेकली असती, म्हणून गप्प बसले. हे पत्र कुठे टाकणार मी, टाकायचंही नाही. पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली, ती डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेली नाही. म्हशीसाठी सोसता आलं, म्हणजे तुझ्यासाठीही एखाद्या वेळी आलं असतं. मी कधी करूनच बघितलं नाही.