कोरडा फराटा

चिटगुप्पा, गुरुवार, दिवेलागण, १९५१

कामून हात लावलो मी?

रेशीम विकणारा चिनी आज दुकानात आला. सायकलीला लावायच्या पांढऱ्या पत्र्यावर त्यानं आपल्याच कुंच्यानं चिनी अक्षरांत आपलं नाव लिहिलं, उभ्या उभ्या, एका दमात. शेवटच्या फराट्यात शाई संपली, मधे पांढऱ्या फटी राहिल्या. तो चहाला गेला. मी पडलो पाट्या रंगवणारा. त्या फटी काळ्या केलो, कडा सरळ केलो. म्हणलो, खूश व्हईल.

परत येऊन तो त्या फराट्याकडं बघतच राहिला. "भाई, ये भागता था. अब खडा है."

रागावला न्हाई. पत्रा ठेवून गेला.

त्या फटी डोळ्यांपुढून जाईनात. भिंतीला माझ्या पाट्या हायत, राज बदलल्यावर उर्दू पुसून नागरी केलेल्या. कंदील वर करून एकेक बघितलो.

सगळ्या उभ्या हायत.