मोहरी चोवीस इंच

१९ जानेवारी, रविवार
बेलबॉटम परत आली! ऊर्मी सुट्टीला घरी आली ती पायांनी फरशी झाडतच. नातीला म्हटलं, ही तर आमच्या वेळची फॅशन. तर म्हणते, "मग फोटो दाखवा ना, आजोबा!"

कुठून दाखवू? शहात्तर साली नाशिकहून इथे कारखान्यात लागलो, लेथवर. सगळं मद्रास घोळदार पँटी घालून हिंडत होतं आणि आमचे फोरमन दारातच मोहरी मोजायचे. "सैल कापड मशीनमध्ये गेलं की मागोमाग पाय." बरोबरच होतं त्यांचं. पण तेव्हापासून नळकांड्या घातल्या त्या घातल्याच.

आता एकोणसत्तराव्या वर्षी कुठला लेथ!

२० जानेवारी
नाक्यावरच्या गुरुमूर्ती टेलरकडे गेलो. मोहरी किती, म्हणाले. म्हटलं, चोवीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "निजमावा, सार?" अगदी खरं, म्हटलं. मग स्वतःच चहा मागवला!

शैलाला सांगितलं. "शिवा खुशाल. पण ती घालून माझ्याबरोबर फिरायला यायचं नाही. म्हातारपणी सोंगं!"

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. संध्याकाळी एकटा कधी फिरलेलो नाही. बघू.

२४ जानेवारी
घोटाळा! पँट तयार — तपकिरी, झकास — आणि मोहरी चौदा! बिचारे पंधरा वर्षं लोकांच्या जीन्स अरुंद करून देतायत, कात्री सवयीने आत वळली. कपाळाला हात लावून बसले. कापडही संपलेलं.

मग त्यांनाच सुचलं — शिवण उसवायची आणि गुडघ्याखाली कळी घालायची. पण कळीला कापड? पडद्याचा एक तुकडा निघाला. पिवळा, त्यावर मोर.

म्हटलं, मोर तर मोर! घाला!

२६ जानेवारी
घातली!!! पाऊल टाकलं की मोर उघडतो, दुसरं टाकलं की मिटतो. आरशासमोरून वीस वेळा गेलो असेन. ऊर्मीने हौसेने मोठ्या कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट आणला. तो मात्र नको म्हटलं. मानेपाशी एवढे पंख मला शोभत नाहीत. माझा पांढरा अर्ध्या बाह्यांचाच बरा. फॅशनमधलं आपल्याला रुचेल तेवढं घ्यावं, उरलेलं परत करावं.

संध्याकाळी टॉवर पार्क. शैला वीस पावलं पुढे, मी मागे. एका अनोळखी गृहस्थाने थांबवून विचारलं, टेलर कोण? पत्ता मुद्दाम मोठ्याने सांगितला, पुढे ऐकू जावा म्हणून. पण ती वळली नाही.

२७ जानेवारी
आजही वीस पावलं.

२८ जानेवारी
गुरुमूर्तींकडे आणखी दोन बेलबॉटमची ऑर्डर! माझ्यामुळे! ही बातमी सांगायला शेजारी कुणी नव्हतं. वाईट वाटतं. तरी पँट बदलणार नाही.

२९ जानेवारी
पार्कच्या दारात शैला थांबली. म्हणाली, "तुमच्या आधी एक मुलगा मला बघायला आला होता. बेलबॉटम घालून. मला पसंत होता. बाबांनी पँट बघून नकार कळवला. आणि तुमची पँट बघून होकार."

मग माझा हात धरला. दुसऱ्या फेरीला मी त्याचं नाव विचारलं.

आडनावासकट सांगितलं.