हाकाची पहिली रांग

२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. मला राग येत नाही. पण बीपीची गोळी वाढवण्यापेक्षा वही बरी.

आज रियाची मॅच होती. रग्बी, पण इथे सगळे फुटीच म्हणतात. रेफरी झोपला होता. मी त्याला उठवलं, एवढंच. तेही मराठीतून, म्हणजे त्याला वाईट वाटायचा प्रश्न नाही. तरी त्याने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि मला कारमध्ये जाऊन बसायला सांगितलं. आमचे दादाराव आधीच कारमध्ये होते. हा माणूस मुलीची मॅच बघायला येतो आणि हीटर लावून फोनवर बातम्या वाचतो.

येताना आमचं मनुरेवा आलं तेव्हा रिया बापाला म्हणाली, मम इज नॉट कमिंग एनीमोर. मी पुढच्या सीटवरच होते. फायनल तीस तारखेला आहे. मी असणार. पंधरा वर्षांची पोर मला काय सांगते.

३ ऑगस्ट, रविवार

बुद्धवंदनेला सुनेत्रा भेटली. फार्मासिस्ट आहे, त्यामुळे सगळ्यातलं कळतं. म्हणाली, मुलीला कशाला त्या मारामारीत घातलंस, आणि खेळाआधी तो माओरी लोकांचा नाच, हाका, डोळे काय वटारायचे, मांड्या काय बडवायच्या. तिची इशिता व्हायोलिन शिकते. मी म्हटलं, जयंतीला ऐकलंय मी ते व्हायोलिन, त्यापेक्षा मांड्या बडवलेल्या बऱ्या. अगदी शांतपणे म्हटलं. तरी ती खीर न घेताच गेली.

५ ऑगस्ट, मंगळवार

रस्ता सापडला. लॉन्ड्रीत माझ्याबरोबर कामाला हुइया आहे, माओरी बाई. तिची नात रियाच्या टीममध्ये आहे, आणि शाळेत हाका हुइयाच शिकवते. पोरं तिला फाया म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. आज चादरींच्या घड्या घालताना म्हणाली, फायनलला मुलींच्या पाठीशी आयाही हाका करणार, यायचं तर मंगळवारी हॉलमध्ये ये. शिकलेल्यांनाच रांगेत घेणार.

रांगेतल्या आईला कारमध्ये कोण बसवतं बघतेच.

मला काही जड नाही. येरवड्याला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा मीच द्यायचे. मी सुरू केलं की चौकापलीकडून उत्तर यायचं. शाळा सातवीत सुटली, आवाज नाही सुटला.

रियाला सांगायचं नाही. सरप्राइज.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहिला क्लास. सोपं आहे. गुडघे वाकवायचे, पाय आपटायचा, हात थरथरवायचे, डोळे मोठे करायचे. डोळ्यांचं माझं आधीच तयार आहे, दादारावांना विचारा. मी जीभही काढली, पार हनुवटीपर्यंत. हुइया म्हणाली, आमच्यात जीभ पुरुष काढतात, बायका नाही. मी म्हटलं, आमच्या घरी जिभेचं खातं माझ्याकडे आहे. हसली, पण नाही म्हणजे नाहीच.

मला मागच्या रांगेत घातलं. नवीन म्हणून असेल. पुढच्या मंगळवारी पुढे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शब्दांचा कागद दिला. मला कागद लागत नाही. पहिली ओळ आली की बाकीच्या मागून येतात. पाय जोरात पडला की शब्द कोण ऐकतं.

हुइया आज फार बोलली. हाका कुणाला घाबरवायला नसतो. आपण कोण, कुठले, कुणाच्या पोटचे, ते समोरच्याला सांगायचं. आणि समोरचे करतात तेव्हा आपण गप्प उभं राहून, नजर न काढता, तो पूर्ण घ्यायचा. गप्प उभं राहायची प्रॅक्टिस पंधरा मिनिटं. मी तेवढ्यात समोरच्या डेअरीतून दूध आणलं. गप्प राहण्यात काय शिकायचंय.

परत मागची रांग. हुइयाची नजर कमजोर झालीय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गॅरेजमध्ये प्रॅक्टिस. फ्रीझरवरची लिंबाच्या लोणच्याची बरणी पडली. शेजारचा सामोअन माणूस जॅन्डल्स, म्हणजे स्लिपर, फटफटवत आला, ऑल गुड का म्हणून. मी म्हटलं, स्वीट अ‍ॅज, म्हणजे सगळं झकास. दादाराव म्हणाले, शब्द म्हणून दाखव. मी पहिली ओळ म्हणून दाखवली. म्हणाले, पुढे? मी म्हटलं, तुम्हाला जेवायचंय की नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना रिया बापाला फायनलच्या जर्सीचं काहीतरी सांगायला लागली, समोरची शाळाही निळीच आहे, म्हणून या वेळी. मी मध्येच म्हटलं, जर्सीचं मला नका सांगू, धुते कोण? निळी आहे आणि कॉलरचा चिखल जात नाही. रिया ताट घेऊन उठली.

ठरलं. मागच्या रांगेत जायचंच नाही. पहिल्या रांगेत, मधोमध. रियाला दिसले पाहिजे.

३० ऑगस्ट, शनिवार, सकाळी

हुइयाने नऊला गेटपाशी बोलावलंय. चाळीस बटाटेवडे तळायचेत टीमसाठी. नऊ म्हणजे साडेनऊ. निळी हुडी इस्त्री करून ठेवली.

३० ऑगस्ट, संध्याकाळी

आपण हरलो. माझा भाग उत्तम झाला.

हेन्डरसनच्या मैदानावर पोचलो तेव्हा गेटपाशी कुणी नव्हतं. दादाराव म्हणाले, कुणाला तरी विचारू. मी म्हटलं, विचारायचं काय, निळं म्हणजे आपलं. समोरच निळ्या हुडीतल्या आयांची रांग तयारीत उभी. मी वड्यांचा डबा गवतावर ठेवला आणि सरळ पहिल्या रांगेत, मधोमध. कुणी अडवलं नाही. एक आजी तर किया ओरा, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणून बाजूला सरकली. आमच्या हॉलमध्ये कधी कुणी सरकलेलं नाही.

सुरू झालं. शब्द वेगळे वाटले. मला वाटलं, बायका विसरल्या. त्यांना सावरायला म्हणून मी आवाज वाढवला. पहिली ओळ म्हटली, परत म्हटली. मग एक जागा मोकळी आली आणि माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. तोंडातून जय भीम गेलं. अख्ख्या रांगेने उत्तर दिलं, जय भीम. चाळीस बायका. येरवड्याच्या चौकातसुद्धा एवढं खणखणीत आलं नसेल.

समोर पांढऱ्या जर्सीतल्या मुली हातात हात अडकवून उभ्या होत्या. मी त्यांच्यावर डोळे वटारले. पाय असा आपटला की चिखल पुढे उडाला. मधल्या एकीचा चेहरा पार उतरला होता. म्हटलं, घाबरली. जरा नीट पाहिलं. माझी होती.

तिच्या मागे हुइया आणि आमच्या आया. त्याही गप्प उभ्या.

आता मध्येच थांबता येतं का. पूर्ण केला.

३१ ऑगस्ट, रविवार

चूक जर्सीची आहे. रंग बदलला तर घरच्यांना सांगायला नको? दादाराव म्हणतात, गुरुवारी सांगत होती. गुरुवारी मी आमटी वाढत होते.

वडे त्या आजीने वाटले. जिंकलेल्यांनी खाल्ले. तिने माओरी रीतीने माझ्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलं आणि विचारलं, तुझी मुलगी कुठली. मी म्हटलं, मैदानातच आहे.

सुनेत्राला कुठून तरी फोटो मिळाला. तो तिने अख्ख्या ग्रुपवर टाकला. फोटोत माझी जीभ बाहेर आहे. मी जीभ काढलेली नाही. फोटो मोठा करून पाहिला. हनुवटीपर्यंत आहे.

रिया खोलीत. जेवायला आली नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

शिफ्टमधल्या शेवटच्या चादरीचं दुसरं टोक धरून हुइया म्हणाली, दिलेला हाका परत घेता येत नाही, सरिता. मी म्हटलं, पण जोरात झाला ना? म्हणाली, हीप्स, म्हणजे ढीगभर. मग चादरीत तोंड घालून हसत बसली. घडी मलाच घालावी लागली.

३ सप्टेंबर, बुधवार

रिया बोलली. शुक्रवारी शाळेत बक्षिसं आहेत, तिथे आया परत हाका करणार. मी विचारलं, येऊ का? हे मी आजवर तिला विचारलेलं नव्हतं. ती फ्रीजमध्ये बघत म्हणाली, या वेळी आपल्या बाजूला.

मी म्हटलं, मला समोर बघून तुला जोर आला असेल, अजिबात हलली नाहीस. ती म्हणाली, फाया सांगते, हाका चालू असताना नजर काढायची नाही. इव्हन इफ इट्स युवर मम. मग दाराशी थांबून मराठीत म्हणाली, मम्मी, शब्द पाठ कर. प्लीज.

रात्री कागद शोधला. मायक्रोवेव्हखाली होता. चष्मा लावला आणि बोट ठेवून पहिली ओळ वाचली.

मी म्हणत होते ती ही नव्हे.