काळी नावाचा ओढा

मी, इर्मट्राउट केम्पकेन, वय ऐंशी, राहणार म्युलेनगास ९, वेसेलरोडे, राज्याच्या जलविभागातून निवृत्त झालेली नमुना तपासनीस, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व परस माझी मुलगी गेझीने हिला. अट अशी, की परसात काँक्रीट ओतू नये. पाऊस जमिनीत मुरू द्यावा.

२. शिलाई यंत्र, पकडी आणि स्क्रूंचे सगळे डबे शनिवारच्या दुरुस्ती मंडळाला. ओझकानबाई तिथे मोडके टोस्टर जिवंत करतात. माझाही त्यांनी दोनदा केला.

३. नमुन्यांची १९७८ सालची वही जुन्या कातडी कारखान्याच्या मालकांचे चिरंजीव ओटमार ब्राउकमान यांना. याचे कारण लिहिणे भाग आहे.

माझ्या लहानपणी होल्बेक ओढ्याला सगळे ‘काळी’ म्हणत. काँक्रीटच्या पन्हाळीतून तो वाहायचा, दोन्ही बाजूंना कुंपण. ब्राउकमानांच्या कातडी कारखान्यात त्या दिवशी जो रंग असेल, तो पाण्याला. अठ्ठ्याहत्तर साली मी तिथल्या सांडपाण्याच्या नळाखाली तीनदा बाटली धरली आणि तिन्ही वेळा क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, “बाई, दोनशे घरांच्या चुली त्या धुराड्यावर पेटतात. वही मिटा.”

त्या दोनशेंत एक चूल माझी होती. माझा नवरा आल्विन तिथे फिटर होता.

मी वही मिटली नाही. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवा, अशी नोटीस राज्याने काढली. थोरल्या ब्राउकमानांनी त्यापेक्षा कारखाना बंद करणे पसंत केले. आल्विन अकरा महिने माझ्या हातचे जेवला आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे त्याला गावच्या सांडपाणी केंद्रात काम मिळाले, तेव्हा त्याने पहिल्यांदा मीठ मागितले.

मग सांडपाण्यासाठी जमिनीखालून नळ गेला, काँक्रीट उखडले, ओढ्याची वळणे परत कोरली. यात तीस वर्षांहून जास्त गेली. २०१४च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे काठाने चाललो होतो. तळाचे खडे दिसत होते. आल्विनने वाकून एक दगड उचलला, तर खाली बोटभर लांबीचा, मोठ्या डोक्याचा मासा. स्वच्छ, गार पाण्याशिवाय तो जगत नाही. कचेरीतल्या तक्त्यावर मी त्याचे चित्र रोज बघत आले होते. जिवंत कधीच पाहिला नव्हता.

आल्विनने चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली.

“तुझ्यापायी माझं काम गेलं, ते मी विसरलेलो नाही,” तो म्हणाला. “पण इर्मा, हा आला कुठून गं?”

पस्तीस वर्षे पाणी मोजलेली मी, दुसऱ्या दिवशी जाणकारांना विचारत फिरले. वरच्या झऱ्यांत दोनचार तगून राहिले असतील, असे ते म्हणतात. आमचे सारे आयुष्यभर, त्या विषाच्या वरच्या अंगाला, गुपचूप. अजून त्याचा विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो.

ओटमार, तू मला पाहिलेस की रस्ता ओलांडतोस, ‘कारखानाखाऊ’ म्हणतोस. वही जाळायची तर खुशाल जाळ. आधी दहा मिनिटे पुलावर उभा राहून खाली बघ.

४. शिल्लक पैशांतून अंत्यविधी करावा. उरेल त्यातले अर्धे गेझीनेला, अर्ध्यांतून काठावर ओल आवडणाऱ्या अल्डर झाडांची रोपे लावावीत. आठवण म्हणून माझ्या नावाचा बाक नको.

५. अंत्यविधीनंतरची कॉफी चिनीमातीच्या कपांत द्यावी. उरलेला केक न्यायला प्रत्येकाने घरून डबा आणावा. कोणी हसले तर हसू द्या.

६. परवा गेझीनेने विचारले, “आई, तुझी राख होल्बेकमध्येच सोडू का? तुला आवडेल.” आवडेल, फार आवडेल. पण तशी परवानगी नाही, आणि तो नियम योग्य आहे. पाण्यात काही टाकू नका, हे मी जन्मभर लोकांना सांगितले. माझी राख दफनभूमीत आल्विनशेजारी पुरावी. तिथून ओढा ऐकू येतो.

स्थळ : वेसेलरोडे
दिनांक : ११ मे २०२३

सही : इर्मट्राउट केम्पकेन

वरील सही आमच्यासमोर झाली :
१. फोल्कमार टिगेस, शेजारी
२. नेव्हिन ओझकान, दुरुस्ती मंडळ